गज शून्यावर असताना

माझ्या नवऱ्याला साबणाच्या कारखान्यात सगळे पाचपिंपे म्हणत. आमचं आडनाव ते नव्हे. पण कानाला ते आडनावासारखंच लागतं, त्यामुळे नव्यानं लागलेला एखादा कामगार यांना मनापासून 'पाचपिंपेसाहेब' म्हणायचा आणि बाकीचे तोंड फिरवून हसायचे. एकदा दवाखान्यात केसपेपर काढताना कंपाउंडरनं न विचारताच तेच नाव लिहिलं. तो कारखान्यातल्या कुणाचा तरी मेहुणा होता. यांनी खोडायला लावलं नाही. त्याच नावाच्या कागदावर खोकल्याचं औषध घेऊन हे घरी आले.

पाच पिंपं तेल चोरलं, असा यांच्यावर ठपका होता. चोरी शाबीत झाली नाही आणि ठपका धुऊनही निघाला नाही. चार वर्षांपूर्वी हे गेले, तोवर पंचेचाळीस वर्षं ते नाव यांच्या अंगाला चिकटून राहिलं. तुमचा नवऱ्यावर विश्वास होता का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. मनातून मात्र मला नक्की ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात ठाऊक झालं. आमच्या मुलाला ते कळायला हवं, आणि नुसतं माझ्या तोंडून नव्हे, तारीखवार कळायला हवं, म्हणून मी जुन्या वह्या काढून बसले.

हे सातवी शिकलेले, मी कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक झालेली. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्यानं नाक मुरडलं होतं. "मुलगी इंग्रजीत बोलते आणि जावई टाकीवर चढतो." वडील म्हणाले, "चढू दे की. पडणाऱ्यातला दिसत नाही."

टाकीवर चढणं हेच यांचं काम. साबणाला लागणारं तेल उभ्या लोखंडी टाक्यांमध्ये साठवलेलं असायचं. टाकीत किती तेल आहे ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी पितळेचा एक लांब गज असतो, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा. शिडीनं वर जायचं, झाकण उघडायचं, गज सरळ आत सोडायचा. टाकीच्या आत, तळाच्या जरा वर, एक लोखंडी पट्टी बसवलेली असते. गज तिच्यावर टेकला की 'टक्' असा आवाज येतो. मग गज वर ओढायचा आणि तेल कुठवर लागलंय तो आकडा वाचायचा. हे सांगायचे, "गज तिरका गेला की खोटं बोलतो. माणसासारखंच आहे." हे कधी घाईनं गज सोडत नसत. वर आल्यावर आधी तो सुती चिंधीनं पुसायचा, मग सोडायचा, मग वाचायचा, मग पुन्हा पुसायचा, असा क्रम. घरीसुद्धा पाण्याच्या पिंपात पट्टी बुडवून "आज सदतीस" असं उगाच सांगायचे. मी म्हणायची, "अहो, पाणी भरलंय की नाही एवढं सांगा."

आमच्या लग्नाला आठ महिने झाले असतील, तेव्हा कारखान्यात नवी टाकी उभी राहिली. टाकी आली, पण तिचा तक्ता आला नाही. गज अमुक सेंटिमीटर दाखवत असेल तर टाकीत तमुक लिटर तेल, असा छापील तक्ता टाकीबरोबर यायचा असतो. टाकी बनवणाऱ्यांना दोनदा पत्र गेलं, उत्तर नाही. केमिस्टसाहेब यांना म्हणाले, "तूच मोजून काढ आणि लिहून आण. मी सही करतो." स्टोअरकीपर गावाला गेलेले. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तेव्हा रविवारी हे मलाच घेऊन गेले.

तो दिवस माझ्या वहीत पूर्ण पानभर आहे. डबा घेऊन गेलो होतो. कारखान्याला सुट्टी, आवारात चिटपाखरू नाही, सगळीकडे साबणाचा वास. पंपावर दोन माणसं होती, तेवढीच. टाकी धुऊन कोरडी केलेली होती. आदल्या दिवशी टँकरनं चार हजार लिटर तेल तिच्यात सोडलं होतं, त्याची पावती यांच्या खिशात. आता एकेक हजार लिटर वाढवायचं आणि दर वेळी गज सोडायचा, असं ठरलं होतं. एका पिंपात दोनशे लिटर, म्हणजे पाच पिंपं ओतली की हजार. हे वर शिडीच्या टोकाला, मी खाली स्टुलावर वही घेऊन.

हे वरून आकडा ओरडायचे, मी लिहायची. पावतीतल्या चार हजारांना पहिला आकडा, मग पाच हजारांना, सहा हजारांना, सात, आठ. माझ्या वहीत आजही ते स्वच्छ अक्षरात आहेत. चार हजारांपुढे एकोणचाळीस, पाचपुढे एकोणपन्नास, सहापुढे एकोणसाठ, सातपुढे एकोणसत्तर, आठपुढे एकोणऐंशी. शब्द इथे घातलेत, वहीत मात्र नुसते इंग्रजी आकडे आहेत. मला तसेच यायचे.

हे खाली उतरले तेव्हा कपाळाला तेल लागलेलं. म्हणाले, "पाचच आकडे झाले. मधल्या आकड्यांचं काय करायचं? पंचावन्न आला तर?"

मी म्हटलं, "मोजायची गरज नाही. हिशेबानं येतं ते."

"ते कसं?"

मी दाखवलं. "वाढ किती होते ती बघा. गज दहा सेंटिमीटर वर गेला की तेल हजारानं वाढतं. दर वेळी तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. म्हणजे एका सेंटिमीटरला शंभर. आता मागे चला. पहिल्या आकड्याला शंभरनं गुणलं, हे इथे मांडलंय बघा, आणि टाकीत आहेत चार हजार. वर उरले किती?"

"शंभर."

"हे शंभर गज शून्यावर असतानाचे. पट्टीच्या खाली, तळात जे तेल राहतं ते. झाला नियम. गजावरचा आकडा गुणिले शंभर, अधिक शंभर. कुठलाही आकडा सांगा, मी लिटर सांगते."

यांनी थोडा वेळ वहीकडे बघितलं. "म्हणजे गज जिथं पोचत नाही तिथलं तेलही आपल्याला कळलं. न बघता."

"हो."

"झकास," हे म्हणाले. त्या दिवशी परत येताना यांनी तीन वेळा मला वाटेल ते आकडे विचारले आणि दर वेळी उत्तर ऐकून मान डोलावली. पुढचे आठ-पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या घरी एक इंजिनियर आहे." मी लाजायची. खरं म्हणजे मला फार आवडायचं ते.

केमिस्टसाहेबांनी तक्ता बघितला. "तळात शंभर लिटर राहतं म्हणायचं. ठीक आहे," असं म्हणून सही केली. तो टाइप होऊन, काचेत बसून टाकीघराच्या भिंतीवर लागला.

सहा आठवड्यांनी मालाची मोजणी झाली. स्टोअरच्या वहीप्रमाणे टाकीत साडेसहा हजार लिटर तेल हवं होतं. गजानं चोपन्न दाखवले. तक्त्याप्रमाणे चोपन्न म्हणजे साडेपाच हजार. हजार लिटर कमी, म्हणजे बरोबर पाच पिंपं.

यांनी तिथल्या तिथे तीनदा गज सोडला. तिन्ही वेळा चोपन्न. मग कुणीतरी म्हणालं, तक्ताच चुकला असेल. स्टोअरकीपर हुशार माणूस. ते म्हणाले, "आत्ता ताडून बघू." एक पिंप तेल टाकीत ओतलं, दोनशे लिटर. गज चोपन्नवरून छप्पन्नवर गेला. तक्त्यात चोपन्नला साडेपाच हजार, छप्पन्नला सत्तावन्नशे. नेमका दोनशेचा फरक. आणखी एक पिंप ओतलं, पुन्हा दोनशे. तक्ता चोख होता. वाकडं काही असेल तर ते टाकीवर चढणाऱ्यात, असं ठरलं.

चौकशीच्या दिवशी हे माझी वही घेऊन गेले. साहेबांपुढे पान उघडून ठेवलं आणि म्हणाले, "हे माझ्या बायकोच्या हातचं आहे. मोजलं त्याच दिवशी लिहिलेलं, एकसुद्धा खाडाखोड नाही." यांना वाटलं, ही वही यांच्या बाजूनं साक्ष देईल. साहेबांनी पान वाचलं आणि तक्त्याशी जुळवून बघितलं. सगळं जुळत होतं. वही मिटून परत देताना ते म्हणाले, "मग तेल गेलं कुठे?"

यांना कामावरून काढलं नाही. पुरावा नव्हता आणि साहेबांचा जीव होता यांच्यावर. पण गज काढून घेतला आणि वड्यांना कागद गुंडाळायच्या खात्यात बसवलं. तिथे चौदा बायका आणि हे. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आली साबणाची वडी." खातंभर हसलं. हेही हसले म्हणे. पाचपिंपे हे नाव त्याच आठवड्यात पडलं.

स्टोअरकीपर मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, मी कुणाचं नाव घेत नाही. खाई त्याला खवखवे." मी घरी आले. आदल्या महिन्यात यांनी मला शिलाई मशीन आणून दिलं होतं. जादा पाळ्या करून, असं म्हणाले होते. ते मशीन समोर दिसत होतं. मी विचारलं, "खरं सांगा मला. रागावणार नाही."

हे बूट काढत होते. म्हणाले, "तुझ्या वहीतले आकडे खरे असतील तर तेल गेलंय. पण मी नेलं नाही."

मी हे उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवलं. त्याच्या खाली मी आणखी एक ओळ लिहिली आहे. 'वही तर खरी आहे.' एवढीच.

आता मधली पुष्कळ वर्षं सोडते आणि गेल्या महिन्याकडे येते.

आमच्या शेजारणीची नात आठवीत आहे. घरात तिला पिटुकली म्हणतात, अंगानं आता माझ्यापेक्षा उंच आहे. तिला शाळेत तक्त्यावरून समीकरण काढायला शिकवतात, ते काही केल्या जमत नव्हतं. दुपारी वही घेऊन माझ्याकडे यायची. पुस्तकातली गणितं संपली. मी म्हटलं, थांब, तुला एक खरा तक्ता देते. माळ्यावरच्या पेटीतून ती वही काढली आणि टाकीचे आकडे वाचून दाखवायला लागले.

"लिही. चार हजारांना एकोणचाळीस. पाच हजारांना एकोणपन्नास." पाचही सांगितले.

ती पेन चावत बसली. मग म्हणाली, "आजी, दहाला हजार वाढतंय, म्हणजे एकाला शंभर. ते आलं मला."

"शाबास. आता मागे जा. शून्यावर किती?"

तिनं वहीत गुणाकार मांडला. मग खुदकन हसली. "आजी, तुमच्या टाकीत वजा नऊशे लिटर तेल आहे."

"वजा कसं असेल? बघू."

तिनं वही पुढे केली. चार हजारांपुढे तिनं एकोणपन्नासचा आकडा मांडला होता, पाच हजारांपुढे एकोणसाठचा. पाचही आकडे दहानं जास्त.

"अगं, मी एकोणचाळीस म्हटलं. थर्टी नाईन."

"चाळीस म्हटलं ना तुम्ही? चाळीस म्हणजे फॉर्टी. फॉर्टी आणि नऊ."

"एकोण म्हणजे एक कमी. चाळीसला एक कमी."

"मग आधीच कमी करून का नाही सांगत? आणि आजी, गंमत बघा, सगळे आकडे चुकले तरी वाढ शंभरच येतेय. बाईंना तर कळलंच नसतं. वजा आलं म्हणून कळलं."

ती पुढे काहीतरी बोलत होती. माझं लक्ष तिच्या पानावरून माझ्या पानावर गेलं आणि तिथेच राहिलं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी आठवड्यातून दोन तास. पाढे इंग्रजीतून, आकडे इंग्रजीतून. लग्न होऊन आले तेव्हा मी या पोरीसारखीच होते. तीस ऐकलं की थर्टी लिहायची, आणि 'एकोण' म्हणजे नऊ एवढंच ठाऊक, म्हणून पुढे नऊ. शिडीवरून हे 'एकोणतीस' म्हणाले असणार. मी थर्टी नाईन लिहिलं. पुढचा 'एकोणचाळीस', मी फॉर्टी नाईन. असे पाचही. एखादाच चुकला असता तर रांगेतून बाहेर पडून दिसला असता. पाचही सारखेच चुकले, म्हणून वाढ बरोबर आली, रेघ सरळ आली, आणि बिघडली ती फक्त सुरुवात.

मी पिटुकलीकडून पेन घेतलं. एकोणतीसचे एकोणतीसशे. चार हजारांतून गेले, उरले अकराशे. गज शून्यावर असताना तळात अकराशे लिटर. मी शंभर लिहिले होते. मधले हजार.

टाकीचा तळ कढईसारखा खोलगट होता. मी स्वतः पाहिला होता तो, टाकी अजून आडवी पडलेली होती तेव्हा. त्या कढईत शंभर लिटर म्हणजे बशीभर. केमिस्टसाहेबांच्या लक्षात आलं नाही, यांच्या आलं नाही, इंजिनियरबाईंच्या आलं नाही.

"आजी, काय झालं?" पिटुकलीनं विचारलं.

"काही नाही. तुझं बरोबर आहे. घरी जा आता."

ती गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की निदान यांना हे कळलं नाही, ते एक बरं झालं. कारण कळलं असतं तर यांनी सांगितलं असतं. मग मला पडद्याची दांडी आठवली.

ती वही शोधायला दोन दिवस लागले. लग्नानंतरचं बारावं वर्ष. मुलगा नऊ वर्षांचा. मी लिहिलंय ते असं: 'खिडकीच्या पडद्यासाठी दांडी आणली. यांनी माप सांगितलं होतं एकोणसाठ इंच, मी दुकानात सांगितलं सिक्स्टी नाईन. दहा इंच जास्त. हे स्टुलावर उभे, हातात दांडी. विचारलं, एकोणसाठ म्हणजे किती गं? मी म्हटलं, साठ आणि नऊ. यांनी समजावलं, साठाला एक कमी. इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं. पुष्कळ हसले मी. चार वाजता यांनी टाकीच्या वेळची वही मागितली. काढून दिली. गॅलरीत घेऊन बसले. चहा गार झाला. वही परत दिली. का हवी होती विचारलं तर म्हणाले, सहज.'

दुसऱ्या दिवशीची नोंद: 'यांनी करवतीनं दांडी कापून बसवली. नीट बसली.'

माझ्या ध्यानात का आलं नाही, हे मी गेला महिनाभर स्वतःला विचारते आहे. मला वाटतं, टाकीचे आकडे मी एकदाच कानानं ऐकले होते, त्यानंतर सगळी वर्षं डोळ्यांनी पाहिले होते. माझ्या स्वच्छ अक्षरात. त्यावर शंका घ्यायची मला सवय नव्हती.

त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलताना एकोण शब्द वापरेनासे झाले. 'पन्नासला एक कमी', 'सत्तरला एक कमी' असं म्हणायचे. घरातला विनोदच झाला तो. वयानं 'साठाला एक कमी' झाले तेव्हा मुलाला तसंच पत्र लिहिलं होतं. मला वाटायचं, माझी थट्टा चाललीय.

कारखाना त्यानंतर आठ वर्षं चालू होता. केमिस्टसाहेब पाच वर्षं होते. टाकी जागेवर होती, काचेतला तक्ता भिंतीवर होता. यांनी एकदा जाऊन सांगितलं असतं, "साहेब, बायकोनं आकडे चुकीचे लिहिले, टाकी उपसून बघा," तर तासाभरात पाच पिंपं तळातून निघाली असती. गज परत हातात आला असता. हे गेले नाहीत. आठ वर्षं रोज सकाळी त्याच फाटकातून आत जाऊन वड्यांना कागद गुंडाळत राहिले.

का, ते मी सांगू शकत नाही. माझी लाज राखायला, असं म्हणणं सोपं आहे. कदाचित राग असेल. त्या वर्षी हे माझ्याशी फार कमी बोलायचे, अशी तीन ठिकाणी नोंद आहे. कदाचित आधी राग असेल आणि नंतर उशीर झाला असेल. यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. लिहायचं काम घरात माझं होतं.

हे इथवर मी सोसलं असतं. पण वही पुढेही आहे.

दांडीनंतर तीन वर्षांनी. मुलगा बारा वर्षांचा. शाळेतून आला तो शर्टाचा खिसा फाटलेला, ओठ सुजलेला. वर्गातली पोरं त्याला 'अडीच पिंपं' म्हणत होती. पाचपिंप्यांचा पोरगा, म्हणून अर्धा. यांच्यासमोर उभा राहून त्यानं विचारलं, "तुम्ही चोरलं होतं का?"

"नाही," हे म्हणाले.

"मग कुणी?"

'यांनी माझ्याकडे बघितलं,' असं मी लिहिलंय. मी तेव्हा इस्त्री करत होते. हे म्हणाले, "कुणीच नाही."

आणि मी म्हटलं, "कुणीच नाही म्हणे. पाच पिंपांना काय पाय फुटले? काय झालं ते तुमचं तुम्हाला माहीत."

मुलाच्या देखत म्हटलं. तीन वर्षं खरं ठाऊक असलेल्या माणसाला म्हटलं. हे उठले, पाना घेतला आणि मोरीतला गळका नळ दुरुस्त करायला गेले. हेही लिहिलंय. नळाला नवीन वायसर बसवला, तेसुद्धा.

मुलानं त्या दिवसापासून बापाला काही विचारलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं ते त्याला पुरलं. अठराव्या वर्षी शिकायला दूर गेला आणि तिकडचाच झाला. दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा, बापाशी हवापाण्याबद्दल बोलायचा, जायचा. हे आजारी पडले तेव्हा मी फोन केला. आला तो दोन दिवस उशिरा.

परवा दुपारी मी त्याला फोन लावला. आधी सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं, म्हणजे मध्ये अडखळायला नको. शिडी, पाच आकडे, पिटुकली, दांडी. तो ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "थांब, सावकाश. एकोणतीसला चार हजार?"

"हो."

"म्हणजे शून्यावर अकराशे."

"अकराशे."

"पिंपं टाकीतच होती."

"तळात. पट्टीच्या खाली. कुणी नेली नव्हती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "बाबांना कधी कळलं?" मी तारीख सांगितली. त्यानं हिशेब केला असावा. म्हणाला, "म्हणजे मी विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं."

"हो. मी बोलले तेव्हाही."

तू असं का बोललीस, असं तो विचारेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यानं ते विचारलं नाही. म्हणाला, "आई, मी घर सोडून निघालो तो दिवस असेल ना वहीत?"

"आहे."

"स्टँडवर सोडायला बाबा निघाले होते. मी त्यांना काहीतरी बोललो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण मला वाटतं मी इतकं वाईट बोललो नसेन."

"राहू दे ना आता ते."

"वाच."

वही समोरच होती. मी चष्मा घातला. "तुझी वाक्यं तशीच्या तशी आहेत," मी म्हटलं.

"वाच गं."

मी वाचलं. "'तो म्हणाला, तुम्ही स्टँडवर येऊ नका. तिथे कुणी ओळखीचं भेटेल आणि पाचपिंपे म्हणून हाक मारेल. तिकडच्या माणसांना माझं खरं आडनाव तरी माहीत असू दे.'"

"पुढे?"

"पुढे एकच ओळ आहे."

"काय आहे?"

"'यांनी घातलेले बूट काढून ठेवले.'"

 त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी दोनदा त्याला हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. त्यानं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.